उलांडीवरची लाल खुर्ची

वर्णकुलसूर्य एमरेन्सियाना थामेल, वय ६१ वर्षे, धंदा सुकी मासळी, राहणार दुवा पुलाजवळ, चर्चमागची गल्ली, नेगोंबो. समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती कॅमिलस, वय ६७, यांच्यासह राहते. आमचा मुलगा अन्सेल्म याने काल रविवारी दुपारी चार वाजता या ठाण्यात आम्ही दोघं खाडीत बेपत्ता असल्याची खबर दिली. आम्ही बेपत्ता नव्हतो. कुठे आहोत ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं, फक्त परत येता येत नव्हतं. आमची पिवळी कयाक सध्या ठाण्याच्या आवारात आहे. ती इथेच अडकवून ठेवावी असं मुलाचं म्हणणं. ती परत मिळावी म्हणून मी आले आहे.

माझे पती एकेचाळीस वर्षं ओरुव्यावर, म्हणजे आमच्याकडच्या मासेमारीच्या शिडाच्या होडीवर, होते. गुडघा गेला तशी मुलाने होडी विकली. तेव्हापासून हे दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा कुठला ते सांगायचे. कुणी विचारलेलं नसायचं. गेल्या महिन्यात पाहुणा म्हणून राहिलेला एक परदेशी माणूस जाताना शिडाची कयाक यांना देऊन गेला. तिच्यात पाय लांब सोडून बसता येतं, गुडघा वाकवावा लागत नाही.

पण ती कलंडायची. म्हणून यांनी तिला उजवीकडे दोन वासे बांधून त्यांच्या टोकाला उलांडी, म्हणजे होडीला तोलणारा लाकडाचा तरंगता ओंडका, लावली. वाशांवर आमची लाल प्लास्टिकची खुर्ची पाय कापून काथ्याने बांधली. खिळा एकही नाही, आमच्यात होडीला खिळा मारत नाहीत. खुर्ची मला न विचारता कापली, हे नोंदवावं.

साहेब डोंगरातले, कँडीकडचे असल्याने सांगते. आमच्याकडे वारा माणसांत मोजतात. उलांडी उचलू नये म्हणून तिच्यावर जितके जण बसवावे लागतात, तितक्या माणसांचा वारा. काल चर्चमधली मिसा आटोपल्यावर हे म्हणाले, "आज एका माणसाचा वारा आहे."

"मग बघा एखादा माणूस."

"बघतोय की."

बाईमाणूस उलांडीवर बसत नाही. एकेचाळीस वर्षं मी काठावर उभी राहून वाट पाहिली. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" आणि जाऊन बसले.

साडेनऊला निघालो. वारा पश्चिमेचा, म्हणजे उजवीकडून, तोंड दक्षिणेला. खुर्ची पाण्यावरून अशी चालली की मी मोठ्याने ओरडले. भीतीने नव्हे. अकराला दक्षिण काठाला लागून डबा खाल्ला.

परत निघताना यांनी सवयीने शीड सोडून कयाकच्या मागच्या टोकाला नेलं. ओरुव्याला दोन्हीकडे सारखंच तोंड असतं, तो वळवत नाहीत. शीड फिरवायचं, सुकाणू दुसऱ्या टोकाला लावायचं, की उलांडी वाऱ्याकडेच राहते. कयाकचं सुकाणू मात्र मागे पक्कं बसवलेलं. यांचा हात तसाच राहिला.

"अहो, काय झालं?"

"हिला मागलं तोंडच नाही गं."

"म्हणजे तुम्ही फक्त जायचंच बांधलंत?"

वळवून एकदा प्रयत्न केला. वारा आता डावीकडून. त्यासरशी मी खुर्चीसकट कमरेपर्यंत पाण्यात. वल्हं एकच, अंतर पाच मैल, आणि यांचा खांदाही गुडघ्याच्याच वयाचा. काठावर बसून आम्ही फार हसलो. होडी विकल्यापासून हे हसले नव्हते. संध्याकाळी एका कोळंबीवाल्याच्या इंजिनाच्या बोटीने ओढून आणलं.

धक्क्यावर अन्सेल्म म्हणाला, "आई, या वयात शोभतं का?" मी म्हटलं, "तुझे बाबा घरात बसून मेलेले शोभतील का?" तो रडत होता हेही खरं. तो चांगला मुलगा आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चूक एकच, उलांडी एकाच बाजूला होती. हे डावीकडेही बांधणार आहेत. घरात दुसरी लाल खुर्ची नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात पाय मोडलेली एक निळी पडून आहे. आम्हाला पाय नकोच आहेत.

जबाब मला वाचून दाखवला. "फार हसलो" हे साहेब गाळत होते, मी ठेवायला लावलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आहे. पिवळी कयाक एक व निळी खुर्ची एक ताब्यात मिळाली. सही करून निघते, यांनी बाहेरून दोनदा हाक मारली आहे की दोन माणसांचा वारा सुटलाय.