बंद हंगामाचे मासे

—उभा नगंस राहू, बस त्या खालच्या पायरीवर. काठी आनलीस न्हवं? आन् गळ काढून आन म्हनलं हुतं, काढलास? बघू. हां. गळ लावलेली काठी प्रवरेच्या या डोहावर न्हाई चालायची, मी सोता उभा असलो तरी न्हाई. हे मासे देवाचे हायेत सहादेवा, तुझ्या जाळ्याचे न्हाईत. तुझं जाळं मी हितंच इळ्यानं कापलं, ते बराबरच केलं. आजबी कापीन. असा बघू नगंस माझ्याकडं. काम हाय म्हनून बोलावलंय, तुझ्याशी मैतरकी न्हाई करायची मला.

ही काठी धरतात कशी, तेवढं दाव. —हसलास? हसलास तू. माळकरी मानूस मासे धरायची काठी मागतोय म्हनून हसलास. मग ऐकूनच घे, न्हाईतर गावात उलटसुलट सांगत फिरशील. आमचा गोरक्ष — तिकडं स्कॉटलंडात डाक्टर हाय, ठावं हाय तुला — तो म्हनतो, आप्पा, वाटंवरच्या देशांतली लढाई सरली, आता विमानाचं भ्या न्हाई, मी तिकीट धाडतो, या. नदीकाठी घर घेऊ भाड्यानं, आठ दिवस मासे धरू. मासे. मला. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बापाला हा पोरगा मासे धरायला साता समुद्रापल्याड बोलावतो. आन् बोलावतो कवा, तर थंडीत. तिकडं तवा पावन्यांचा हंगाम बंद असतो म्हने — घरं सस्त्यात मिळतात, नदीवर चिटपाखरू नसतं, लई शांत असतं. आन् हितं त्याच टायमाला माझ्या उसाला तोड येनार. कारखान्याची टोळी फडात, आन् मालक बर्फात काठी घिऊन बसलेला. शेतकऱ्याच्या पोराला एवढंबी ध्येनात न्हाई? असंल, सगळं ध्येनात असंल. नदीवर कोनी नसंल तवाच बोलावतोय — बापाचं धोतर कुनाला दिसू नये म्हनून. त्याच्या बायकोची मान्सं उन्हाळ्यात येतात, तवा न्हाई आमाला आवतन. मी काय येडा हाय?

माळेचं काय म्हनतोस? तो इषय त्यानंच काढलाय. मासा मारायचा न्हाई आप्पा, धरला की लगेच पान्यात सोडू, तुमची माळ ऱ्हाईल — असं म्हनतो. मग धरायचा कशाला? मुक्या जीवाच्या तोंडात आकडा घालायचा कशाला? मी रोज हितं कनकीच्या गोळ्या टाकतो, माझ्या हातातून खातात ते. जायाचं न्हाई, असं मी घरात सांगून टाकलंय. चांगुणा — आमची मंडळी — रडली. रडू दे.

पासपोर्ट काढायला टाकलाय, ते निराळं.

नीट दाव की. अंगठा वर का खाली? —एवढंच? आन् मग नुसतं बसायचं? किती येळ? मासा येस्तवर. बरं. आन् तवर पोराशी बोलायचं काय, सहादेवा? मला तेच इचारायचं हाय, काठी गेली खड्ड्यात. ल्हानपनी शाळा बुडवून तो तुझ्यापाशी यायचा, खालच्या अंगाला, बंधाऱ्यावर. दिस मावळंस्तवर बसायचा. मला ठावं हुतं. घरात माझ्यासंगं जेवाय बसला की चार घासात उठायचा — मी त्याला ऊस सांगायचो, पानी सांगायचो, मानसानं कसं ऱ्हावं ते सांगायचो — आन् हा ताटावरनं उठायचा. आन् तुझ्यापाशी दिसभर. एवढं काय सांगत हुतास तू त्याला? मला आठ दिवस काढायचेत त्याच्या शेजारी, एका काठावर. सांग की. जाळ्याचं मनात धरून गप ऱ्हाऊ नगंस.

—काय? काईच न्हाई? एवढी वर्सं, आन् तुमी दोघं काईच बोलत न्हवता?

खोटं बोलतोस.

न्हाई, न्हाई — उठू नगंस. काठी दे हिकडं. दोऱ्याला कनकीची गोळी लाव. आन् बस तिथंच, हलू नगंस. मी आता बोलत न्हाई.