मंगलआक्काची खाट

सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीपाशी, माझ्यापुढं, यल्लम्मादेवीच्या नावानं साडी नेसलेली जोगाप्पा मंगल तापानं थरथरत उभी होती. आत क्लार्क.

"आधार कार्डावर पुरुष लिवलंय. बायकांच्या वॉर्डात न्हाय जमणार. पुरुषांच्यात जावा."

"तिथनंच आले. साडी नेसलेल्याला खाट न्हाय म्हणत्यात."

"मग मी काय करू? कॉम्प्युटरात दोनच वॉर्ड हाईत."

"तीन दिस ताप हाय, अण्णा."

"व्हय की. पर आलायसाच तर माझ्या सुनंला आशीर्वाद देऊन जावा. नववा महिना हाय. जोगाप्पाचा हात लागला की बरं असतंय."

"कुठं हाय ती?"

"बायकांच्या वॉर्डात."

"मला आत सोडतील?"

"आशीर्वादाला कोण अडवतंय, आक्का?"

"मग सांगून ठेवा त्यास्नी. माझा आशीर्वाद लई लांबलचक असतोय. ताप उतरोस्तर चालंल."