ईशान्येचं बाथरूम

अनिका: आई, मी सिंपल क्वेश्चन विचारतेय. देवघराला कुलूप का आहे?

नीला: उंदीर येतात.

अनिका: चँडलरमध्ये? या नव्या घरात?

नीला: घर जुनंच आहे, रंग नवा आहे. आणि उंदरांना काय, चँडलर काय न् चाळीसगाव काय! तू कॉफी पी आधी. गार होतेय.

अनिका: अ‍ॅरिझोनात जुलैमध्ये काही गार होत नाही. आणि तिथून फिनेलचा वास येतो. परवा एअरपोर्टवरून आले तेव्हापासून येतोय.

नीला: मी पुसते रोज. देवाची जागा स्वच्छ नको का?

अनिका: ओके. नको सांगू. मग आपण त्या जागेबद्दल बोलू. त्यांना उद्यापर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

नीला: नाही म्हणून कळव.

अनिका: तू ऐकून तरी घे ना! मेमरी केअर आहे ते. चोवीस तास नर्स, दारं लॉक्ड, सगळे बाबासारखेच विसरणारे. एक रूम रिकामी झालीय, म्हणून लगेच मिळतेय.

नीला: तसल्या ठिकाणी रूम रिकामी झाली म्हणजे काय झालं, ते कळतं मला.

अनिका: आई, प्लीज.

नीला: काय प्लीज? संध्याकाळी पाचला जेवायला बसवणार. ताटात काय, तर कुस्करलेला बटाटा. या माणसाने जन्मात कधी आठच्या आत घास घेतला नाही. आणि हल्ली त्यांचं इंग्रजी निम्मं उडालंय, माहितीये ना तुला? तहान लागली म्हणाले तर त्या नर्सला काय डोंबल कळणार?

अनिका: शिकवू आपण त्यांना. दहा शब्द लिहून देऊ. आई, बाबाचे पाय जळलेत. दोन्ही तळवे. मी तिकडे घरी, श्रूजबरीत क्लायंटबरोबर बसलेले, तुझा फोन आला आणि तू नुसती "ये, ये" म्हणत होतीस. मला वाटलं, गेला तो. एकशे सोळा डिग्री फॅरनहाइटमध्ये तो पूलजवळच्या फरशीवर उभा होता आणि हललाही नाही!

नीला: हलणार कुठे? चारी बाजूंनी तापलेलंच होतं.

अनिका: तू कुठे होतीस, असं मी विचारत नाहीये.

नीला: विचार की. पोळ्या करत होते. एक तव्यावर, एक पोळपाटावर. त्या नव्या काचेच्या दाराचा आवाजच येत नाही. जुनं दार कसं खडखडायचं, अख्ख्या घराला कळायचं कोण कुठे चाललंय. आणि अनवाणी! इथल्या माणसाच्या पायात घरातसुद्धा बूट असतात. यांच्या पायात काही नाही, कारण मी जन्मभर ओरडत आले, घरात चपला नकोत, घरात चपला नकोत. बाकी काही ऐकलं नाही माझं, तेवढं ऐकलं.

अनिका: तुझी चूक नाहीये ती.

नीला: मग कोणाची आहे?

अनिका: कोणाचीच नाही, सिकनेस आहे तो. पण मला एक कळत नाही. बाबाला ऊन सहन होत नाही. मेलबॉक्सपर्यंतसुद्धा तो सूर्य बुडाल्यावर जातो. मग भर दुपारी तो बाहेर का गेला?

नीला: मला काय माहीत?

अनिका: तुला माहितीये. मघापासून तू तेच टेबल पुसतेयस.

नीला: बाथरूम शोधत होते.

अनिका: पूलवर?

नीला: आधी आत गेले असतील. तिथे कुलूप. मग पुढे दिसेल ते दार उघडलं.

अनिका: आत कुठे कुलूप होतं? घरात एकच कुलूप आहे, देवघराला. ... ओ माय गॉड. आई!

नीला: हो. तिथेच जायचे, देवांसमोर.

अनिका: कधीपासून?

नीला: तुझ्याकडून परत आले ना, त्याच आठवड्यात. पहाटे मी उठले, तर हे देवघरात उभे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, माझ्या आईने दिलेला शंख, सगळं ओलं. माझ्याकडे वळून विचारतात, "फ्लश कुठे गेला गं?" मी हसले. खरं सांगते, आधी हसूच फुटलं. मग तिथेच फतकल मारून रडले. देव उचलले, दुधाने धुतले, पाण्याने धुतले, परत मांडले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दिवसासुद्धा तेच. शेवटी एका हँडीमनला बोलावून जाळीची दारं बसवली आणि कुलूप घातलं.

अनिका: मला का नाही सांगितलंस?

नीला: काय सांगणार होते? तुझा बाप देवावर लघवी करतो म्हणून? जावई बाजूला बसलेला असायचा फोनवर.

अनिका: तो देवावर नाही करत. तो त्याच्या बाथरूममध्ये जातोय. वीस-बावीस वर्षं तिथेच बाथरूम होतं.

नीला: हो ना. तेच तर.

अनिका: इथून जाताना त्याला सगळं बरोबर सापडत होतं. लाइट न लावता जायचा.

नीला: माझं नाव विसरत होते, पण बाथरूम विसरले नव्हते. तुझ्याकडे गेले आणि मागे आपण घर फोडलं.

अनिका: तेव्हा तू म्हणालीस, बाबासाठी करायचंच आहे.

नीला: त्यांच्यासाठीच होतं! दुसरं कोणासाठी? त्या नागपूरच्या वास्तूवाल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर फोनमधलं होकायंत्र धरून मला सगळ्या घरात फिरवलं. पाचही बेडरूम. आणि तिथे आल्यावर म्हणाल्या, अहो, ईशान्येला संडास! मग घरातल्या पुरुषाचं डोकं ताळ्यावर राहील कसं? तिथे देव बसवा, फरक पडेल. मला पटलं, अनिका. लाज वाटते आता सांगायला, पण अगदी पटलं. दोन-दोन न्यूरॉलॉजिस्ट झाले. दोघंही नुसते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. ती एकटी बाई होती जी म्हणाली, फरक पडेल. बुडत्याला काडी मिळाली, धरली मी.

अनिका: मी चिडले होते तुझ्यावर.

नीला: चिडलीस, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलीस.

अनिका: हो. कारण ते माझं काम आहे. मी लोकांची किचन्स आणि बाथरूम्स डिझाइन करते. मला वाटलं, नाहीतरी जमिनीचं काँक्रीट कापणारच आहेत, नाहीतरी एसी बदलायचाय, तर हॉलवेची भिंतही काढू. सगळं ओपन करू, लाइट येईल. बाबा धडपडणार नाही. आणि उन्हाळ्याच्या आत संपवायला हवं, एसी बंद ठेवून मेमध्ये इथे कोण राहणार? म्हणून त्याला श्रूजबरीला नेलं. सरप्राइज द्यायचं होतं. परत आल्यावर त्याने इथे आत पाऊल टाकलं तेव्हाचा व्हिडिओ काढलाय मी. तो बघून लोकांनी मला हार्ट्स पाठवले.

नीला: मीपण पाठवला.

अनिका: मी आता तो पुन्हा बघितला, विमानात. तो खूश नाहीये त्यात. तो घाबरलाय. आणि मी हसतेय, "बाबा, कसं वाटलं, बाबा, कसं वाटलं."

नीला: रडू नकोस. तू रडलीस की मला सुचत नाही काही.

अनिका: आय डिड धिस.

नीला: दोघींनी मिळून केलं. आग सोमेश्वरी न् बंब रामेश्वरी. रोग त्यांच्या डोक्यात, आणि आपण फोडला संडास.

(प्रताप आतून वॉकर धरून येतात. दोन्ही पायांना पट्ट्या, त्यांवर मऊ सपाता.)

प्रताप: नमस्कार. तुमचं बोलणं चाललंय वाटतं. मी मध्येच आलो.

नीला: या ना. झाली झोप?

प्रताप: उत्तम. जरा पाणी मिळेल का, वहिनी?

अनिका: आई, तो तुला...

नीला: गप्प बस. ... अहो, समोर फ्रिज आहे. त्यातली बाटली घ्या की.

प्रताप: छे छे! दुसऱ्याचा फ्रिज कसा उघडायचा? तुम्हीच द्या. घाई नाही.

नीला: हे असं आहे. रोज. दोन बिस्किटं हवी असली तरी उंबऱ्यात उभे राहून विचारतात. मी नसले तर उपाशी बसतील.

अनिका: बाबा, इकडे बस. माझ्याजवळ. मी कोण आहे?

नीला: असली परीक्षा घेऊ नकोस गं त्यांची.

प्रताप: तुला कोण विसरेल बेटा? तुझ्याकडे थंडी होती. बर्फ होता दारात.

अनिका: हो. माझ्याकडेच होतास तू. बाबा, मला एक सांग. आपल्या घरी बाथरूम कुठे आहे?

प्रताप: आपल्या घरी?

अनिका: हो. रात्री जायचं झालं, तर तू कसा जातोस?

प्रताप: त्यात काय विचारायचं? पलंगावरून उतरायचं. डावा हात भिंतीला लावायचा आणि तसंच चालत राहायचं. एका ठिकाणी भिंत गार लागते, तिथे वर एसीचं तोंड आहे. मग चादरींचं कपाट, त्याची मूठ हाताला येते. मग दिव्याचं बटण. ते दाबायचं नाही.

अनिका: का?

प्रताप: नीलाच्या तोंडावर उजेड येतो. सकाळी लवकर उठते ती, माझा डबा करायचा असतो. झोपमोड झाली की दिवसभर डोकं दुखतं तिचं. बटण सोडलं की लगेच दार. झालं.

अनिका: आई, तू ऐकलंस?

नीला: मला वाटायचं, दिवा लावायचा आळस. मी भांडायचे त्यांच्याशी, पडाल एक दिवस म्हणून. एवढी वर्षं... एकदा तरी बोलायचं ना हो! एकदा तरी!

प्रताप: काय झालं यांना?

अनिका: काही नाही, बाबा. हे घे पाणी.

नीला: अनिका, भिंत परत घाल.

अनिका: काय?

नीला: कॉन्ट्रॅक्टरला फोन कर. भिंत परत, कपाट परत, बाथरूम परत तिथेच. जसं होतं तसं. दाराची मूठसुद्धा तशीच गोल.

अनिका: आई, इट्स नॉट दॅट... खालचा पाइप अजून आहे, फक्त कॅप लावून बंद केलाय, ते होईल. पण भिंत, प्लंबर, सिटीचं परमिट. ऑक्टोबर उजाडेल. आणि ऑक्टोबरपर्यंत हेही विसरेल तो. डॉक्टर काय म्हणाला, तू ऐकलंयस.

नीला: ऐकलंय. विसरले तर विसरले. आज आठवतंय ना? तोवर मी हात धरून नेईन, जेवढ्या वेळा लागेल तेवढ्या वेळा. खाट टाकते त्या सरकत्या दारापाशी माझी, आणि तिथेच झोपते.

अनिका: आणि देव?

नीला: माझ्या कपड्यांच्या कपाटात बसतील. त्यांना घरात कुठे ठेवलं तरी कळतं, आपण कुठे आहोत ते.

अनिका: वास्तूवाली बाई काय म्हणेल?

नीला: तिला म्हणावं, एकशे सोळा डिग्रीत अनवाणी उभी राहा आणि मग मला ईशान्य दाखव.

अनिका: मला भीती वाटते, आई. तू पडशील. तुझी पाठ आधीच गेलीय. मग मी तिकडे बसून कोणाकोणाला उचलू? मी त्याला टाकून द्यायला निघाले नाहीये. तसं वाटतंय का तुला?

नीला: नाही गं. तसं वाटलं असतं तर मी तुला आत घेतलंच नसतं.

अनिका: ही रूम सोडली तर परत मिळणार नाही. मोठी वेटिंग लिस्ट आहे.

नीला: मिळू दे दुसऱ्या कोणाला तरी. ज्याचं घर कोणी फोडलं नाही अशा कोणाला.

अनिका: मी हो म्हणत नाहीये. तुझ्या मदतीला कोणीतरी रोज येणार असेल तरच. आणि त्या दाराला अलार्म. आजच.

नीला: लाव अलार्म. भोंगा लाव. तू आधी भिंतीचं बघ.

अनिका: बघते. माझ्या लॅपटॉपवर जुना प्लॅन आहे, त्यात मेझरमेंट्स आहेत सगळी. भिंत इथून निघत होती, या खुर्चीपासून. बघ, फरशीवर जोड दिसतोय. इथून पार तिथपर्यंत. बाबा, पाय जरा वर घेतोस? मी टेपने मोजते.

प्रताप: काय चाललंय तुमचं, वहिनी? काही काम काढताय का?

नीला: हो. इथे एक भिंत घालतोय.

प्रताप: इथे? का बरं? किती छान उजेड आहे. मोकळं आहे अगदी. आमच्याकडे एवढा उजेड नाही. आमचं जरा अंधारं आहे, पण सवयीचं.

नीला: आवडलं तुम्हाला?

प्रताप: फार सुंदर घर आहे हो तुमचं. मन लावून केलंय कोणीतरी. आता काही बदलू नका.