डिस्कोच्या दारातला अंगठा

ऑफिसात अंगठा लावायला तुम्ही नुसत्या कुरकुरता, मी तर त्यापायी डिस्कोच्या दारातून परत आलेय! दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. मैत्रिणीचा वाढदिवस, आणि गंगापूर रोडला नवा डिस्को निघालेला. दारातच मशीन. अंगठा लावायचा, फोटो काढून घ्यायचा, मगच आत. बाकीच्या लावून गेल्यासुद्धा. मी शाळेत शिकवणारी बाई, माझा फोटो आणि ठसा तिथे कशाला ठेवू? अंगठा मुठीत धरून उभी राहिले.

मॅनेजर आला. "मॅडम, सेफ्टीसाठी असतं हे."

"ठसा राहतो कुठे?"

"आमच्या कॉम्प्युटरवर. फक्त मालक बघतात."

"मग आधी मालकांचा ठसा दाखवा."

तो गडबडला. "ते मागच्या दाराने येतात."

"का बरं?"

त्याने आवाज खाली आणला. "पिंपळगावला द्राक्षबाग आहे त्यांची. डिस्को काढलाय हे अजून वडिलांना माहीत नाही. प्लीज, कुठे बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हटलं. "पण त्यांना सांगा, वडील मलाही आहेत."