पाखरं बघणारी सुमती

मंडळी, तुम्ही आलात, बरं वाटलं. सासूने सुनेच्या शोकसभेत बोलावं, अशी वेळ कुणावर येऊ नये. बसूनच राहणार होते. पण आत्ता बापूशेट म्हणाले, सुमती सुट्टीत मुंबईहून यायची, पण कधी उंबरठ्याबाहेर दिसली नाही. तेव्हा उठले.

बापूशेट, विसरलात? मला अक्षर येत नाही, सगळं लक्षात ठेवावं लागतं. तुम्हाला लिहिता येतं, तुम्हाला विसरायची सोय आहे.

ती दिसायची. दर मे महिन्यात आगबोटीतून उतरली की दुसऱ्या सकाळी पेठेत, गळ्यात दुर्बीण. मी म्हणायचे, पाखरं बघायची तर रानात जा, इथे काय, कावळे? ती म्हणायची, आई, कावळेसुद्धा दोन जातींचे आहेत. मच्छीबाजारावरच्या घारीही दोन. एक पांढऱ्या डोक्याची, तांबूस पाठीची. जन्मभर तिथे मासळी घेतली मी, वर कधी पाहिलं नव्हतं.

एकदा तिची दुर्बीण वखारीच्या माडीकडे लागली. सज्जात बापूशेट. दुसऱ्या दिवशी शेट नवी टोपी घालून उभे. सुमती खालून म्हणाली, “शेट, जरा खाली बसा. टोपीमागे दयाळ पक्षी गातोय.” सगळी पेठ हसली. आणि त्या दिवसापासून बोभाटा सुरू झाला की मधूची बायको परपुरुषांकडे बघते. सुमती घरी बसली? नाही बसली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभी.

आता तिच्या लेकीला, कुसुमला, स्थळं बघतायत. मधूला, माझ्या लेकाला, सल्ले मिळतायत: दुर्बीण विकून टाक, मुलगी आईवर गेली म्हणतील, स्थळ मिळणार नाही. म्हणून आज सुमतीला उंबरठ्याआड बसवलंत होय? जिवंतपणी बसली नाही. मेल्यावर बसेल?

मधू, दुर्बीण मी कुसुमला दिली आहे. उद्या सकाळी ती पेठेत उभी राहील, शेजारी मी. स्थळ मोडायचं त्याने खुशाल मोडावं. टिपून घेणाऱ्या मास्तरांनी हे गाळू नये.

आता सगळे दोन मिनिटं उभे राहा. डोळे मिटू नका. बाहेर कोण ओरडतंय, तेवढं ऐका. तोच तिला नमस्कार.

आणि बायांनो, तेरावं झालं, आता मऊभात पुरे. उद्या घावनं पाठवा. घरी नको, पेठेत. उभ्याने खाता येतात.