आवाज जुन्यातच आहे!

...आणि त्या चौकटीला लाज म्हणून नाही हो! सकाळी लॅपटॉप उघडा, ती हजर. चहा पिऊन परत या, ती हजर. ‘आपली सिस्टिम जुनी झाली आहे. नवीन आत्ता घ्यायची की नंतर?’ अरे, मी जुना झालोय, माझे गुडघे जुने झालेत, ते कुणी विचारतंय? मी आपलं ‘नंतर’ दाबलं.

नाही, बसा हो, बसा. तुमचा नंबर यायला अवकाश आहे. आमची ही आत्ताच गेलीय तपासायला, आणि इथे आत गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही... म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला!

तर तुम्हाला सांगतो, लॅपटॉप माझा नाही. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, चालत्या मशीनला हात लावत नाही. लॅपटॉप हिचा. हिच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं, तेव्हा डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, ‘आवाज जाणार. जायच्या आत साठवून ठेवा.’ आता आवाज काय पाणी आहे, टाकीत साठवायला? पण असतो हो तसा प्रोग्राम! हिने स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून, घाम पुसत पुसत आठवडाभर माइकमध्ये बोलून ठेवलं. काय बोलावं? ‘दूध उतू जातंय.’ ‘ओला टॉवेल गादीवर टाकू नका.’ ‘पुरे झालं हं आता!’ ते ‘पुरे झालं’ तर चार प्रकारांनी, चढत्या क्रमाने! ऑपरेशननंतर ही टाइप करणार आणि लॅपटॉपमधून हिचाच आवाज येणार. तोच खरखरीत, तोच शेवटी वर चढणारा. शेजारीण म्हणाली, ‘ऑपरेशन रद्द झालं का हो?’

आणि हा प्रोग्राम चालतो फक्त जुन्या सिस्टिमवर! बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कॉम्प्युटरवाल्याकडे नेला, तर तो तोंडातली टाचणी न काढता... हो, टाचणी, कशाला ते विचारू नका... म्हणतो, ‘काका, नवीन टाकली तर हा प्रोग्राम उघडणार नाही. जुनी ठेवली तर एक दिवस लॅपटॉपच उघडणार नाही. बोला, काय करू?’ काय करू! दोन्हीकडून हिचाच गळा, आणि विचारतोय मला! मी म्हटलं, ‘नंतर.’

मुलगी फोनवर करवादते, ‘बाबा, हॉस्पिटलचा व्हिडिओ कॉल त्यावर लागत नाही, करून टाका ना एकदाचं!’ मागून जावईबापू, ‘नव्यात खूप छान छान आवाज आहेत, बाबा. चॉइस आहे.’ चॉइस! सगळा संसार करून झाल्यावर मला चॉइस! दुसरा लॅपटॉप घ्यावा, म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण तेही नंतरच!

मधूनमधून काय व्हायचं, ही टाइप करायची आणि आतून नुसतं ‘टुक’. शब्द नाही, काही नाही. टुक. मला वाटायचं, बटण अडकलं. मी दुकानातला ब्रश आणून कीबोर्ड साफ करायचो. ही बघत बसायची. पुन्हा टाइप करायची. टुक. पुन्हा ब्रश! कागद ओढून लिहायला लागली की मी म्हणायचो, ‘अगं लिहितेस काय, बोल ना, आवाज आहे ना तुला!’ मग ती कागद चुरगाळून टाकायची.

परवा दुकानातून घरी आलो, दार ढकललं, तर आत कुणी परकी बाई बोलतेय! गोड... विमानतळावर सूचना देतात ना, तशी. ‘कृपया चप्पल बाहेर काढा.’ मी चपलेसकट उलटा जिन्यात! म्हटलं, मजला चुकला. पुन्हा डोकावलो, तर आमचीच खुर्ची, आमचीच ही, आणि पुढ्यात लॅपटॉप. हिने स्वतः ‘आत्ता’ दाबलं होतं. मला न विचारता! मी ओरडलोच, ‘अगं, तुझा आवाज होता तो! आता कुठून आणू?’ ही मान खाली घालून टाइप करत राहिली. आणि ती परकी बाई, त्याच गोड सुरात म्हणाली, ‘मानेत गाठ आली आहे. दुखतं. खूप दिवस सांगते आहे.’

...

आठवडाभर बोलून ठेवलं होतं हो! दूध, गॅस, टॉवेल, नातीचं लाडाचं नाव. ‘दुखतं’ तेवढं ठेवलं नव्हतं. ठेवणार कशाला, जन्मात कधी म्हणालीच नव्हती! मग जे साठवलंच नाही, ते मशीन बोलणार कुठून? टुक. आणि मी ब्रश मारतोय...

काल डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं. म्हणाल्या, ‘आधी सुई घालून तपासू, मग ठरवू, पुन्हा ऑपरेशन आत्ता की नंतर.’ मी हात जोडले. म्हटलं, बाई, हे मला सोडून कुणालाही विचारा. आज त्याच सुईसाठी गेलीय आत, लॅपटॉप घेऊन.

थांबा... दार उघडलं वाटतं. ऐकू येतंय? हीच ती परकी बाई! ‘बाहेर आमचे हे बसले आहेत. लोकांना पिडत असतील. कृपया त्यांना आत घ्या, नाहीतर तुमचे पेशंट पळून जातील.’

ऐकलंत? कसं, अगदी गोड आवाजात! आलो गं, आलो!... भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही हो. परक्या बाईला उलटून बोलायची सवय नाही मला.