भिंतीपलीकडची जास्वंद

बागेचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, नाहीतर मला आता झाडांचं नावसुद्धा नको वाटतं.

सावेडीत आमचं घर आणि शेजारच्या काकूंची भिंत यांच्यामध्ये हातभर बोळ आहे. तिथे ऊन चुकूनही येत नाही. त्या बोळात काय लावायचं यावरून माझं डोकं उठलं होतं. बायको म्हणाली, "अळू लावा, सावलीतही येईल." आईला मात्र गणपतीसाठी लाल जास्वंदच हवी होती.

"अगं आई, तिला ऊन लागतं."

"लाव तू. देवाचं झाड हाय, येतंय."

लावली. ती उंच उंच होत गेली आणि भिंतीच्या वर शेंडा निघताच उन्हाकडे, म्हणजे पलीकडे वाकली. सगळी फुलं तिकडे, इकडे झाडायला पिवळी पानं. काकू रोज सकाळी परडी भरून फुलं तोडायच्या. शेवटी मी फांदी छाटायला निघालो, तर आई आडवी आली.

"कळ्या आलेलं झाड तोडतोस व्हय? फुलं गणपतीलाच जात्यात ना?"

"जातात, पण त्यांच्या!"

"मग? गणपती काय दोन हायेत?"

मी कात्री ठेवून दिली. आमच्या गणपतीला मी फुलं विकत आणायला लागलो.

परवा फुलं घेऊन दारात येतोय तर भिंतीवरून काकूंची हाक. वाटलं, निदान चार फुलं देतायत.

"भाऊ, झाडाला जरा पाणी घालत जा की. फुलं लई बारकी येत्यात."

मी फुलांची पुडी खिशात घातली आणि नळ सोडला.